कपाशीतला फोटो

नाना, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि दोंडाईच्याचं आपलं फोटोचं दुकान मीही केव्हाच बंद केलं. तरी कपाशीतला तो फोटो मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

कॉम्प्युटर दुकानात आला तेव्हा तुम्ही तो लांबूनच पाहायचात. मी धुळ्याला जाऊन शिकून आले होते. फोटोमागची भिंत, दोरीवरचे कपडे, शेजारचा माणूस, सगळं पुसून मागे गुळगुळीत निळा रंग भरता येतो याचं मला फार कौतुक होतं. तुम्ही मात्र अजून फोटो मोठा करायच्या एन्लार्जरखाली पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे सरकवत चौकट ठरवायचात, एकेका फोटोला पंधरा-पंधरा मिनिटं. मी हसले की म्हणायचात, "हस. पण कापण्याआधी बाहेर काय राहतंय ते बघत जा."

शिरपूरकडची ती बाई आली तेव्हा तुम्ही जेवायला घरी गेला होतात. तिचा नवरा जाऊन महिना झालेला. त्याचा एकुलता एक फोटो, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला: कपाशीत उभा, उन्हानं डोळे बारीक, एक हात बैलाच्या पाठीवर. "भिंतवर लावना शे," एवढंच ती बोलली. ती गेल्यावर मी फोटो स्कॅनरवर ठेवला, तर पुठ्ठा नीट बसेना. मला चेहराच हवा होता. मी कटर घेतला, चेहऱ्याभोवतीचा चौकोन कापून काढला आणि उरलेलं टोपलीत टाकलं. मागे निळा रंग, चौकट गळ्यापर्यंत, कडेनं सोनेरी पट्टी. मला तो फोटो सुंदर वाटला होता, नाना.

आठ दिवसांनी ती येते. काउंटरवर तुम्ही आहात. ती फोटो हातात घेते, बराच वेळ बघते, उलटा करून मागचीही बाजू बघते. "भाऊ, त्यास्ना हात कोठे गया?" तुम्ही पाकिटातून मूळ फोटो काढायला जाता आणि हाती येतो तो कापलेला चौकोन. टोपली तर केव्हाच रिकामी झालेली. कापाकापीचं काम तुमचंच असायचं, आणि मोतीबिंदूमुळे त्याच आठवड्यात तुमच्याकडून पासपोर्टचे फोटो वाकडे कापले गेले होते. चौकोन डोळ्यांजवळ नेऊन तुम्ही हळूच मला विचारता, "माझ्याच हातून झालं का गं हे?" मी कीबोर्डकडे बघत राहते. मग तुम्ही तिच्यापुढे हात जोडता. "बहीण, चूक मनी शे. माले आते नीट दिसत नही."

ती रडली नाही. "तो बैल बी आम्ही इकी टाका," म्हणाली; बैलही विकला गेला होता. निळा फोटो तिनं काउंटरवरच ठेवला, चौकोन पदराच्या गाठीत बांधला आणि बसस्टँडकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कटरला हात लावला नाही. ऑपरेशन झालं, स्वच्छ दिसू लागलं, तरी नाही. दुकानाच्या पायरीशी खुर्ची टाकून बसायचात आणि गिऱ्हाईक आलं की "पोरगी करील" म्हणायचात. डोळ्याची पट्टी सोडली त्या दिवशी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितलात, तेव्हा सगळं ओठांवर आलं होतं.

हा कागद कुठे जाणार नाही, म्हणूनच लिहिते. तुमच्या रागाला भ्यायले म्हणून गप्प राहिले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं, नाना. दुकान माझं झालं होतं, आणि मला ते आवडलं होतं.