युरियातलं धोतर

देवळी, २००३

आचलच्या बाबांना,

परवा सकाळी गोठा झाडून मी वावरात गेले आणि पेरणीच्या वेळी पुरलेले तुमच्या जुन्या धोतराचे दोन तुकडे उकरले. मातीतले जिवाणू सुती कापड खातात, असं वाचलं होतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जिथे कधी खत पडलं नाही, तिथल्या तुकड्याचे नुसते धागे उरले होते. जिथे तुम्ही वर्षानुवर्षं नुसता युरिया टाकलात, तिथला तुकडा धुतल्यावर नव्यासारखा निघाला.

तुमचे धाकटे भाऊ युरियाची पोती उतरवतच होते. आता युरिया नको, असं मी त्यांना सांगितलं.

"वयनी, भाऊचं खत काऊन बंद करता?"

"भाऊजी, भाऊचं धोतर खायले तिथं कोणी जिवंतच नाई राह्यलं."

ते हसले, मग हातातलं पोतं खाली ठेवलं. तुम्ही असतात तर भांडला असतात, आणि मी जिंकले असते.

दुसऱ्या दिवशी मी पोती परत पाठवली, युरियाच्या त्या जागेवर शेणखत पसरलं आणि तोच तुकडा पुन्हा पुरला.

तुमची,
वत्सला