समधीसाहेबांचा उडता कोपर

बोरी अरब
शुक्रवार, दुपारची नमाज झाल्यावर

माझी लहानपणची मैत्रीण मानी हिले हलीमाचा सलाम अन् नमस्कार, अन् दोन्ही कमी पडले तर पाठीत एक प्रेमाचा धपाटा.

तुहं पत्र मिळालं. गुडघ्याले एरंडाचं पान गरम करून बांधत जाय, अन् बांधल्यावर बसून राहा, तू बांधतेस अन् लगेच म्हशीमागं पळतेस, मंग पानानं काय करावं? श्रावणभाऊंले बिडी सोडाले सांगू नोको, सोडत नाहीत अन् वरून तुह्यावरच चिडतात. आमच्याकडं सगळे खुशाल आहेत. पत्राच्या शेवटी तू जे विचारलं त्याचं उत्तर मी बी शेवटीच देतो. (अस्मा म्हणे दादी, तू बोल, मी लिहून देतो. मी नाही म्हटलं. तिसरी पास बाई आहो मी, तुह्यासंगं एकाच पाटीवर शिकलेली. काहून नाही म्हटलं ते खाली समजन.)

कापूस किती निघाला ते मी विचारत नाही, आजकाल ज्याले त्याले तेच विचारून राह्यले. मागच्या महिन्यात शहरातली मंडळी गाडी घेऊन आलती. एका बाईनं मले ओट्यावर गाठलं अन् विचारलं, आजी, या भागात परिस्थिती कशी आहे. मी म्हटलं, नातीचं लग्न ठरलं, मी तर लय खुशीत आहो, थांबा, शिरखुर्मा खाऊन जा. तिनं पेनाचं झाकण लावलं अन् पुढच्या घरी गेली. आता खुशीत असणं हा काही माहा गुन्हा आहे का वो?

पण तवा मी थोडं खोटंच बोलली. लग्न ठरलं होतं, तारीख ठरत नव्हती. मंगनीले तू आलतीच, मुलगा साजिद तू पाह्यलाच, बोटभर मिशी अन् बोलणं गोड. पोरीची सगळी तयारी झालती. उशांचे अभ्रे भरून झाले, दुपट्ट्याले जरीचा गोटा लावून झाला, अन् मंग पोरगी रोज सकाळी कॅलेंडरापुढं जाऊन उभी राहे, जशी काही तिथून बस सुटते. अन् तारीख अडली कायनं, तर साजिदचा बाप, आमचे होणारे समधी रहमतसाहेब, त्यांच्या कोपरानं.

आता हे तुले नीट सांगावं लागन. रहमतसाहेब नागपूरले मोठ्या हापिसात होते, रिटायर झाले. डॉक्टरनं सांगितलं, रोज चालत जा. माणसानं सरळ चालावं का नाही? तर यांनी गोल्फ धरला. गोल्फ म्हणजे असं, की लिंबाएवढा पांढरा कडक चेंडू जमिनीवर ठेवाचा, लोखंडी टाचेच्या काठीनं तो जीव खाऊन दूर हाणाचा, अन् मंग आपणच त्याले शोधाले जायाचं. सापडला की पुन्हा हाणाचा. असं करत करत तो एका बिळात घालाचा. (अन् बिळात गेला की काढून घेतात. मी विचारलं, मंग घातला कायले?) एक बकरी घेतली असती तरी तेवढंच चालणं झालं असतं, वरून दूध.

खरं दुखणं चालण्याचं नव्हतं, साडूचं होतं. त्यांचा साडू बी हेच खेळते, अन् दर रविवारी यांले हरवते. हरवते ते हरवते, मंग यांच्याच घरी जेवाले येते अन् एकेका घासाले एकेक फटका पुन्हा सांगते. समधनबाई मले म्हणाल्या, रविवारी यांचा घास घशातच अडकते. तर रहमतसाहेबानं मनात धरलं, की वर्षातून एकदा मोठा सामना होते त्यात साडूले हरवीन, मंगच पोराच्या बरातीत मान वर करून चालीन. नाही तर तो बरातीत बी काठी फिरवून माही नक्कल करून दाखवन. म्हणून तारखेची गोष्ट काढली की म्हणत, सामना होऊ द्या. अन् सामना तर मागच्या साली बी झालता, त्याच्या मागच्या साली बी, अन् दोन्ही वेळेस साडूच जिंकला होता. माह्या जमीरचं तोंड उतरलं. म्हणे अम्मी, या चेंडूच्या भरवशावर अस्मा म्हातारी होईन.

त्यात अल्लाहनं मेहरबानी केली अन् त्यांची गाडी आमच्याच गावात बिघडली. मिठाई द्याले आलते, परत निघाले तर गाडी चालू होईना. जमीर मेकॅनिक, त्यानं बॉनेट उघडून डोकं घातलं, बाहेर काढलं अन् म्हणाला, पुरजा अमरावतीहून मागवावा लागन, सामन्याच्या आधी पोचवतो. (पुरजा त्याच्याच दुकानात फळीवर होता. मी पाह्यला. मी गप बसली. पोरीचा बाप आहे तो, त्याले तारीख काढून घ्याची होती.) असे समधीसाहेब आमच्याकडं मुक्कामाले राह्यले, अन् सामना तर पुढच्याच रविवारी. गाडीतून काठ्यांची पिशवी निघाली, एक पुस्तक निघालं, अन् सरावाले जागा पाहिजे म्हणाले.

जागेले काय कमी? सरकी काढाचं जिनिंग बंदच आहे, अंगणात कापसाची एक गाडी नाही. चौकीदार फुलचंद बिचारा वर्षभर कुलपासंगं बोलून राह्यला, त्याले इतका आनंद झाला की त्यानं फाटक उघडून अंगण झाडून दिलं. साहेबानं निंबाच्या झाडाले आरसा टांगला, पुस्तक दगडाखाली दाबून ठेवलं अन् काठी उचलली. पुस्तकात चित्र होतं, त्यातल्या माणसाचा उजवा कोपर बरगडीले चिकटलेला. साहेबाले बी ते पाठ होतं. मारण्याच्या आधी मोठ्यानं म्हणत, कोहनी अंदर, कोहनी अंदर. अन् काठी वर गेली की कोपर असा उडे, जशी खुराड्यातून कोंबडी. कोपर उडला की चेंडू सरळ जायाच्या ऐवजी उजवीकडं पळे. उजवीकडं जिनिंगची भिंत, अन् भिंतीपलीकडं वावर, अन् वावरात कापूस फुटून पांढराफेक झालेला.

आता तूच सांग, पांढऱ्या वावरात पांढरा चेंडू कोणाच्या बापाले सापडते? वेचणाऱ्या बाया खाली वाकून वेचून राह्यलत्या, हाताले जे पांढरं लागलं ते ओटीत. संध्याकाळी कापूस व्यापाऱ्याकडं गेला, त्यानं हात घातला तर आतून चेंडू. एक काढला, दुसरा काढला. पह्यले तो वजन वाढवाले गोटे टाकले म्हणून बायांवर तणतणला. बायांनी बी त्याले सोडलं नाही, त्याच्या काट्याचा उद्धार केला. मंग त्यानं चेंडू उजेडात धरून पाह्यला अन् हळूच विचारलं, हे कोणत्या नवीन बियाण्याचं बोंड आहे? (यंदा इतक्या नावाचं बियाणं आलं आहे, की त्याचं बी काही चुकलं नाही.) जमीर चेंडू सोडवून आणाले गेला तर दोन बाया त्याले म्हणाल्या, आणखी निघाले तर देऊ, पण तुह्या समध्याले सांग, आम्ही वाकल्यावर मारू नोको.

दुसऱ्या दिवशी गाव लोटलं. कधी नाही ते जिनिंगमध्ये काहीतरी चालू आहे म्हटल्यावर कोण घरी राहीन? अन् आपल्या गावात कोणी कोणाले काही करू देते का गुपचूप? टेलर म्हणे साहेबाची शेरवानी काखेत सैल आहे म्हणून कोपर उडते, टाका घालून देतो. कंपाउंडर म्हणे वाताचं आहे. फुलचंद म्हणे साहेब, चेंडूकडं रागानं नका पाहू, तो घाबरून वाकडा पळते. मी बी मागं राह्यली नाही. मोहरीचं तेल लावून खांदा चोळून दिला, मिरच्या ओवाळून नजर काढली. मिरच्यांचा ठसका असा बसला, की खोकताखोकता साहेबाचा एक फटका एकदम सरळ गेला, अन् सगळे टाळ्या वाजवाले लागले. पण सामन्यात दरवेळेस मिरच्या कोण जाळीन?

सामन्याच्या आदल्या दिवशी पहाटे जमीरनं पुरजा बसवला. तारीख काही निघाली नव्हती. साहेब गाडीजवळ उभे, तोंड असं की बरातीले नाही, मयतीले चालले. लाइट गेलेले. (तुमच्याकडं बी पहाटेच जातात का? आमच्याकडं तर वेळ चुकत नाही, नमाजीले उठावं तर अंधार.) आता आमच्यात कोणी सफरीले निघालं की उजव्या दंडाले इमामजामिन बांधतात हे तुले माहीत आहे. कपड्यात नाणं गुंडाळाचं, बांधाचं, मुक्कामी पोचलं की सोडून खैरात कराचं. मी अंधारात बटव्यात हात घातला, जे हाताले आलं ते हिरव्या कपड्यात गुंडाळलं अन् साहेबाच्या दंडाले आतल्या बाजूनं गाठ मारली. गाठ जरा ढिली बसली. म्हणून बजावून सांगितलं, समधीसाहेब, हा पोचेपर्यंत पडू द्याचा नाही, माही सास म्हणे की पडला तर सफर बिघडते. त्यांनी लगेच कोपर आवळून धरला अन् तसाच गाडीत बसले. एका हातानं सलाम केला, तोही डाव्या.

मानी, ऐक आता. रविवारी संध्याकाळी दुकानातल्या फोनवर नागपूरहून फोन. जमीर पळत मले घ्याले आला, माही एक चप्पल वाटेतच राह्यली. फोनमध्ये रहमतसाहेब ओरडून राह्यलते. साडू हरला. साफ हरला. झालं असं, की साहेबानं इमामजामिन सोडलाच नाही. म्हणाले, घर पहुँचा तो क्या हुआ, जब तक साडू हारता नहीं तब तक मैं सफर में हूँ। तो दंडावर तसाच घेऊन मैदानात गेले. अन् पडू नये म्हणून सगळा वेळ कोपर बरगडीले आवळलेला. जे त्या पुस्तकाले दोन वर्षांत जमलं नाही, ते माह्या ढिल्या गाठीनं केलं. चेंडू असा सरळ गेला म्हणतात, की साडूनं दोन वेळा चष्मा पुसला. अन् सारखं म्हणत होते, अम्मा, तुमच्या दुआचा असर काय सांगू, दंडाले गरम गरम लागते, आतपर्यंत उतरून राह्यली.

तिथंच फोनवर तारीख निघाली. वेचा संपला की त्याच्या दुसऱ्या जुम्म्याले निकाह, आपल्या गावात. मी घरी आली तर बातमी माह्या आधीच पोचलती, अस्मा आज कॅलेंडरापुढं नव्हती, चुलीपुढं होती अन् दूध उतू जाऊन राह्यलं होतं. जाऊ दिलं. मी तिथल्या तिथं दोनदा नाचली, तुह्यासारखा माहा गुडघा नाही.

तर असं सगळं आनंदाचं आहे. श्रावणभाऊंले सलाम. नातवंडांचे मुके. पत्र वाचून झालं की चुलीत टाक.

तुही,
हलीमा

ता. क. आता तू जे विचारलं ते. तू लिहिलं, की मंगनीले आलते तवा माही चुन्याची पितळी डबी तुह्याकडं राह्यली, पाठवून दे, तिच्यावाचून पान खाणं सुनं झालं. डबी सुखरूप आहे. पण पाठवता येत नाही, ती नागपूरले आहे. साहेब गेल्यावर मी पान लावाले बटवा उघडला तर नाणं आतच होतं अन् डबी नव्हती. नाणं मी लगेच खैरात करून टाकलं, म्हणून अल्लाहसंगं माहा मामला साफ आहे. फक्त तुह्यासंगंच बाकी आहे. मुद्दाम नाही केलं, पण चपटं नाणं असतं तर कोपर इतका आवळला असता का, तूच सांग.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. साहेबानं दंडावरून तो अजून काढलेला नाही. म्हणतात, निकाहच्या मजलिशीत सगळ्यांपुढं सोडीन अन् तिथंच खैरात करीन, साडूले बी पाहू द्या. अन् डबीच्या झाकणावर तुह्या भावानं ठोकून घेतलेलं नाव आहे, मानीबाई श्रावण, बाभुळगाव. तवा तू दोन दिवस आधीच ये. ठेवणीतलं लुगडं नेस, डोक्यावर पदर घे अन् पुढच्या रांगेत बस. नाव वाचलं गेलं की मी म्हणीन, ह्याच त्या मानीबाई, यांच्याच हातची बरकत आहे. तू फक्त उठून साहेबाच्या डोक्यावर हात ठेवाचा. मंग ते खैरात म्हणून डबी तुह्याच हातात देतील, म्हणजे तुही डबी तुले मिळाली, पोरीचा निकाह झाला, अन् सगळ्यांची इज्जत राह्यली. हसाचं मात्र नाही. माह्या निकाहले तू हसलती, ते काझीसाहेब मरेपर्यंत विसरले नाहीत.

ता. क. तिसरा. साडूनं बी निरोप धाडला आहे, त्याले बी एक पाहिजे. घरात दुसरी डबी असन तर येताना घेऊन ये, पण ती रिकामी आण. तू ती डबी इथं विसरली तवा आत चुना भरलेला होता ना वो? झाकण तर तिचं पह्यलेपासून ढिलं. साहेब म्हणतात, आता दंडाले दुआ लाल होऊन वर बी दिसून राह्यली.