सगळ्यांसाठी ठेवलेलं पाणी

गोरेगाव (ता. सेनगाव),
१४ मे

प्रिय दादा,

तुझा मेसेज वाचला. चोवीस तारखेला परत येणार, आणि या वेळी एक नाही, दोन दिवस एकट्यानं सायकल चालवणार. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे पाठवले, मी पाठवला नाही, तर तो राग तू फोनवर आईवर काढलास. म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते तर बाबांनी ऐकलं असतं, आणि बाबांनी मला गप्प राहायची शपथ घातली आहे. ती मोडतेय. तू येऊ नकोस. बाबांच्या जिवाचा प्रश्न आहे. पुढचं वाचून तुला राग आला तर खुशाल येऊ दे, माझा त्याहून मोठा आहे.

आधी तुझ्या मागच्या राइडच्या त्या व्हिडिओबद्दल. 'मराठवाड्याच्या वाळवंटात एकटा'! ज्या रस्त्यांवर बाबांनी बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून एकतीस वर्षं खड्डे बुजवले, ते तुझं वाळवंट? माणसं राहतात तिथं, दादा. पण दिवस सोपा नव्हता, एवढं मान्य. चव्वेचाळीस अंश. हिंगोलीहून पहाटे निघालास, सेनगाव, साखरा, मग माळावरच्या कच्च्या रस्त्यांनी फिरून फिरून घर, एकशे वीस किलोमीटर. व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. दहानंतर वारा असा सुटलाय की तुझं बोलणं नीट ऐकू येत नाही. काळा दगड तापून खालून धग मारतोय, सायकलला बांधलेल्या पिशव्यांचं ओझं वेगळंच, चढाला उतरून ढकलतोस, ओठ फुटलेत. दोन हापसे हाणून पाहिलेस, दोन्ही कोरडे. दुसऱ्या हापशापाशी तू नुसता उभा राहिलास, तेव्हा मीही व्हिडिओ थांबवला, खोटं कशाला बोलू. आणि मग लिंबाखाली, ओलं पोतं गुंडाळलेला तो माठ. तू घटाघटा प्यालास आणि कॅमेऱ्यात बघून म्हणालास की आमच्या भागात अजून माणुसकी आहे, उन्हाळ्यात रस्त्याला कुणी ना कुणी पाणी ठेवतंच.

कोण ठेवतं रे? तुला पुण्याला जाऊन बारा वर्षं झाली. जारचं पाणी गावोगाव आलं तेव्हापासून त्या रस्त्यांवर एक पाणपोई राहिलेली नाही. तू लहानपणचा उन्हाळा डोक्यात धरून दोन बाटल्यांवर निघालास. असली चूक बाहेरचा माणूस करत नाही, तो चार बाटल्या जास्त घेतो. बाबांना ते तू ग्रुपवर टाकलेला नकाशा बघूनच कळलं होतं. पण तू आधीच सगळ्यांना बजावलं होतंस की घरच्यांनी पाणी दिलं तर राइड बाद, रस्त्यावर सगळ्यांसाठी असेल तेवढंच चालतं. बाबांनी ते नीट ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "सगळ्यायसाठी आसल तर चालतं म्हणला ना? मग सगळ्यायसाठीच ठिवू."

सेनगावच्या बाजारातून तीन माठ आणले. तू यायच्या चार दिवस आधीच ठेवले, म्हणजे खरोखरच सगळ्यांसाठी. नाव कुठंच लिहिलं नाही. पाणपोई कुणाची हे कळलं असतं तर काहींनी तहानलेलं जाणंच पसंत केलं असतं, हे मी तुला सांगायला नको. रोज लुनाला दोन कॅन बांधायचे आणि भरून यायचे. सहासष्ट वय, बीपीच्या गोळ्या. मी भांडले, आईनं बोलणं सोडलं. ऐकतात कशाला! तू त्यांचाच मुलगा आहेस.

तुला सांगितलं होतं की बाबा आत्याच्या नीलमच्या साखरपुड्याला गेलेत. संध्याकाळी तू दारात उतरलास, बाबा दिसले नाहीत म्हणून तोंड पाडलंस. माझ्यापेक्षा साखरपुडा मोठा झाला, असं ऐकवलंस, जेवलास आणि सकाळच्या गाडीनं सायकल टपावर टाकून निघूनही गेलास. आई भाकरी थापताना डोळे पुसत होती, तुला तो चुलीचा धूर वाटला. एकदा विचारायचं तरी होतंस, साखरपुड्याला गेलेला माणूस मुक्कामाला का राहिला.

झालं असं. तिसरा माठ मेंढरांनी पालथा घातला होता. बाबा दुपारी एकला तिथं पोचले तर माठ कोरडा आणि लुना पंक्चर. जवळची विहीर तीन किलोमीटर. बाबा चालत गेले, कॅन खांद्यावर घेऊन चालत आले. मेंढरं दगडोबाची. तो मला दवाखान्यात भेटला, मान वर करत नव्हता बिचारा. म्हणाला, "म्हातारा ऐकंनाच, बाई. म्या म्हणलं, सावलीला बसा, पोराला फोन लावा, म्या मेंढरं पाण्यावर घालून येतो. तर म्हणले, फोन केला की त्याचं बाद व्हतं."

आता तुझा व्हिडिओ उघड आणि एकतिसाव्या मिनिटाला थांबव. तू त्या तिसऱ्या माठाशी आहेस. दोन पेले डोक्यावर ओततोस, हसतोस, कॅमेरा गोल फिरवतोस आणि म्हणतोस, बघा, दूरदूरपर्यंत माणूस नाही. उजवीकडं बांधाच्या कडेला पांढरं काही दिसतंय ना? तो बाबांचा रुमाल आहे. बाबा त्याच्या पलीकडं पडलेत. माठ भरून झाला, तू लांबून येताना दिसलास, म्हणून ते बांधाआड गेले आणि तिथंच पाय गेले. तुझा शब्द न् शब्द त्यांना ऐकू येत होता. हाक मारता येत नव्हती का, असं मी नंतर विचारलं. तर म्हणाले, "आली आसती. पर लेकरू किती खूश व्हतं गं, एकलं हाय म्हणून."

दगडोबानं त्यांना जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. तीन दिवस वॉर्डात होते. त्यांनी दम दिला म्हणून आम्ही तुला कळवलं नाही, आणि तूही पुण्याला पोचल्यावर व्हिडिओ किती लोकांनी पाहिला तेच कळवत राहिलास. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असं ऊन पुन्हा लागलं तर हातात काही राहणार नाही, दहानंतर त्यांना उंबऱ्याबाहेर पडू देऊ नका. डावा हात अजून थरथरतो. चहा बशीत सांडतो आणि ते म्हणतात, कपच वाकडा आहे.

एवढं होऊनही मी लिहिलं नसतं, शपथ शपथ असते. पण आज सकाळी अंगणात आले तर सात नवे माठ मांडलेले आणि हौदात पोती भिजत घातलेली. बाबांनी मला फोन आणायला लावला, तुझा दोन दिवसांचा रस्ता मोठा करून घेतला, त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "साक्षे, दुसऱ्या दिवशी त्याला तहान आदुगर लागंल का गं?" माठ मी फोडू शकते, पण ते आणखी आणतील. दार लावलं तर मागच्या दारानं जातील. चोवीस तारखेला तू सायकलवर बसलास की बाबा माळावर निघाले, हे धरून चाल. मला तुझी माफी नको, रडणं नको, धावत येणं तर मुळीच नको. बाबांना फोन कर आणि सांग की सायकलचा कंटाळा आला, विकून टाकली. त्यांना यातलं काही कळलंय असं दाखवू नकोस. खोटं बोल. या घरात तुझ्यासाठी आम्ही सगळे खोटं बोललो, आता एकदा तू बोल.

इतकं बोलूनही तुझीच,
साक्षी