खाली घातलेली मान

अंबाजोगाई, १२ एप्रिल १९८७

ती. सौ. महानंदाक्का हिस,
मन्मथचा सा. न. वि. वि.

संक्रांतीपासून तुला पत्र नाही, माफ कर. परीक्षांचं कारण सांगता येईल, पण ते पुरतं खरं नाही. गावात पाण्याच्या टँकरपाशी भांडणं चालली आहेत आणि मी कॅमेऱ्यांच्या काचा ताडून बघण्यात दंग आहे, हे लिहायची लाज वाटत होती.

दूध संघाचे सेक्रेटरी बंकटराव यांनी वार्षिक सभेसाठी मांजरसुंब्याजवळच्या चारा छावणीचे फोटो मागितले. माझा दोन भिंगांचा जुना कॅमेरा तू पाहिला आहेस. पोटाशी धरायचा, झाकण उघडायचं आणि वरून आत बघायचं. खरबरीत काचेवर चित्र उमटतं, डावं उजवीकडे. त्याच जातीचा, पण नंतरच्या काळातला एक कॅमेरा कॉलेजातल्या त्रिंबकसरांकडून मागून नेला. माझी काच मधोमध उजळ, कोपऱ्यांत अंधारी. त्यांच्या काचेवर बारीक वर्तुळं कोरलेली, त्यामुळे कोपरेही लख्ख. पण उजळ काचेत सगळंच स्पष्ट वाटतं, नेमकं कधी स्पष्ट झालं ते कळत नाही. अंधाऱ्या काचेत ते चटकन कळतं.

छावणीत एक बाई दोन म्हशींपाशी इतकी निश्चल उभी होती की दोन्ही काचा तिच्यावरच पारखल्या. पदराची किनार कुठे आधी नीट होते ते बघत राहिलो. माझा जुनाच जिंकला. तो फोटो बंकटराव मोठा करून घेताहेत. म्हणाले की बाई कशी पुतळ्यागत उभी हाय, असा फोटो जिल्ह्यात न्हाई.

दाजींना नमस्कार. उशिरा लिहिलं म्हणून माया कमी करू नकोस.

तुझा,
मन्मथ

गेवराई, १७ एप्रिल

चि. मन्मथ यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बायको घागरी वाहते आणि तू पोटाशी डबा धरून हिंडतोस. तिनं अजून तुला घराबाहेर काढलं न्हाई, लई सोशिक हाय बाबा.

आता एक गोष्ट आपल्या दोघांतच ठेव. शिवकांताकाकू परवा येऊन गेली. गावात, चकलांब्यात तिनं सांगितलंय की बीडला भावाकडे राहते. खरं म्हणजे तिचा कडबा संपला आणि ती म्हशी घेऊन मांजरसुंब्याच्या छावणीत हाय. जवळची छावणी सोडून इतक्या लांब गेली, कारण गावचं कुणी भेटू नये. गावच्या दूध सोसायटीत सगळ्यांत जास्त दूध घालणारी बाई ती. फुकटच्या चाऱ्याच्या रांगेत उभं राहणं तिच्या जिवावर येतं.

तू तिथं आलतास म्हणे. तिला बघितलंस, पण ओळख न दाखवता मान खाली घालून कितीतरी वेळ उभा राहिलास. म्हणाली की साहेब लोक येतात, टकामका बघून जातात, आपल्याच पोरानं तेवढी माझी लाज राखली. मॅट्रिकला तुला घरी ठेवून जेवू घातलं, त्याचं सोनं झालं म्हणाली. डोळे पुसत होती. ऐकून मला लई बरं वाटलं रे.

तब्येतीला जप. बहिणीची आठवण ठेव.

महानंदा

अंबाजोगाई, २१ एप्रिल

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी मान खाली घातली ती काचेत बघायला. काकूला मी पाहिलंच नव्हतं. आज फोटो भिंगाखाली धरला. तीच आहे. जिच्या घरी राहून शिकलो ती माझ्यासाठी फक्त पदराची किनार होती. मी नजर चुकवतोय असं समजून ती संकोचानं हलली नाही, आणि मला वाटलं, काय छान उभी आहे बाई!

तसाच बंकटरावांकडे गेलो. फोटो चौकटीत बसून बीडला रवाना झालेला. चार मेला तिथं सभा, चकलांब्याचे सगळे सभासद येणार. उतरवा म्हटलं तर त्यांनी कारण विचारलं. सांगावं तर काकू उघडी पडते. कारण न देता पुन्हा तेच म्हटलं. ते हसून म्हणाले की कलाकार लोकांचं असंच असतं.

तिला न कळवता फोटो काढून घेता आला तर तिचा समज तसाच राहील. तो राहावा असं मलाही वाटतं. हे लिहिताना माझीच मला किळस येते. काय करू ते लिही.

मन्मथ

गेवराई, २५ एप्रिल

चि. मन्मथ यास आशीर्वाद.

आधी काकूला सांग. तिचं कौतुक फुकटात खाऊ नको. फोटो उतरवायला तुझ्या दाजींना धाडलं असतं, पण त्यांच्या पोटात काही राहत न्हाई, सभेआधीच साऱ्या तालुक्याला कळंल. तुझं तूच निस्तर. रागावले हाय, पण बहीण हाय.

महानंदा

मांजरसुंबा, ३ मे

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काकूला सांगितलं. ती पाटीत शेण भरत होती, सगळं ऐकून घेतलं. मग हात धुऊन कॅमेरा मागितला, मला समोर उभं केलं आणि आत बघितलं. म्हणाली की यात तर तुझं नाक बी दिसतंय, मग मी कावून दिसले न्हाई? छावणीत शेजारच्या केशरबाईला ती माझं कौतुक सांगून बसली होती. आता तिला काय सांगू, असं मलाच विचारलं, आणि पुन्हा पाटीकडे वळली.

निघताना एवढंच म्हणाली की फोटो उतरव, माझं नाव घेऊ नको, अन् फोटो बिघडला असली थापही मारू नको, तुझ्याकडचं खरं असंल ते सांग. बस म्हणाली नाही. तिच्याकडून उभ्या उभ्या परतायची माझी पहिलीच वेळ.

माझ्याकडचं खरं एवढंच आहे की बाईला न विचारता फोटो काढला. ते बंकटरावांपुढे, आणि ते अडले तर सभासदांपुढे म्हणावं लागेल. तिथे माझे विद्यार्थीही असतील. बाई कोण म्हणून विचारतील, ते सांगणार नाही. वाटेल ते बोलोत.

माया ठेव म्हणायला आज तोंड नाही. ठेवलीस तर उपकार.

मन्मथ

ता. क. उद्या सभा भरायच्या आत बीडला जाऊन भिंतीवरचा फोटो उतरवणार.