सोवळ्याच्या काठीची चीर

माझ्या हट्टी अम्मा,

तुला एक निरोप पोचवायचा आहे, म्हणून लिहायला बसले. निरोप आपल्या शहराबाहेरच्या, समुद्रकाठच्या कोवलमच्या एका मासे विकणाऱ्या बाईचा आहे. तू नाक मुरडशील, पण जरा थांब. निरोप तुझ्या काठीबद्दल आहे.

कुठली काठी, ते तुला सांगायला नको. जन्मभर तू तिनंच सोवळ्याची साडी छताजवळच्या बांबूवर वाळत टाकलीस आणि कुणाचा हात न लागू देता खाली काढलीस. तू गेल्यावर ती मला तुझ्या खोलीत खिडकीशी सापडली. बारीक टोकाला पडद्याचा हूक बांधलेला, आणि जाड टोकाला बोटभर खोल चीर. चीर पुढे फाटत जाऊ नये म्हणून तिच्याखाली घट्ट दोरा गुंडाळलेला. हे तुला कोणी शिकवलं? आणि एका हातानं चीर पाडलीस तरी कशी?

हुकाचं कोडं लवकर सुटलं. मी ओढणीनं स्वतःचा उजवा हात अंगाशी बांधला आणि तुझ्यासारखं करून पाहिलं. एरवीच्या ब्लाउजची बाही लुळ्या हातावरून खांद्यावर चढवायला तो हूक होता. पण चीर? तिच्यात पदर अडकवून पाहिला, ब्लाउजची कड अडकवून पाहिली, काही जमेना. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात दिवसभर सीटबेल्टची बकलं डिझाइन करणारी मी, तुझ्या काठीपुढे बावळट ठरले.

थोडा रागही आहे तुझ्यावर. तुला झटका येऊन उजवा हात गेला, तेव्हा मी तुझ्यासाठी एक साडी शिवून दिली होती. निऱ्या टाके घालून पक्क्या केलेल्या, कमरेला वेल्क्रो. मी घड्याळ लावून उभी होते. दोन मिनिटांत नेसून झाली, तशी मी टाळ्या वाजवल्या. तू फक्त म्हणालीस, "बरं आहे गे." कपाटातली सगळ्यात मऊ सुती साडी म्हणून मी ती उचलली होती. ती तुझी सोवळ्याची होती, हे तुझ्या लक्षात आलं, माझ्या नाही.

सुई लागलेलं कापड तुझ्या सोवळ्यात चालत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. डिझाइनच्या नादात विसरले. त्या नवरात्रात तू देवघराच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसलीस. आत का येत नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणालीस, "पाय दुखतात मज. तू कर पूजा." आणि मी विश्वास ठेवला. खोटं का बोललीस? मला चार शब्द सुनावले असतेस तर काय बिघडलं असतं?

दिवाळीपासून तू पुन्हा न शिवलेली साडी नेसून पूजेला बसू लागलीस. मला वाटलं, दिवसा येणारी नर्स नेसवते. तू गेल्यावर ती म्हणाली, "छे, अम्मा दार लावून घ्यायच्या. पाऊण तास मला आत येऊ द्यायच्या नाहीत." तू दाखवलं नाहीस, मी विचारलं नाही. आपण दोघी सारख्याच.

आता सेल्वी-अक्काचं, त्या मासे विकणाऱ्या बाईचं, सांगते. हात अडलेल्या माणसांना स्वतःचे कपडे स्वतः घालता यावेत, म्हणून मी दर शनिवारी एका फिजिओथेरपी केंद्रात जाऊन साधनं करून बघते. अक्का तिथे येते. तिचाही उजवाच हात गेलाय. सकाळी सून तिला साडी नेसवते आणि शोळिंगनल्लूरला कामावर जाते. सुनेला उशीर झाला की अक्का दिवसभर नायटीत घरी, धंदा बंद. तिला वेल्क्रोची साडी दाखवली, तर तिनं ती कर्रकन ओढून उघडली. "भर बाजारात वाकले आणि हे असं वाजलं तर?" मी सेकंद मोजले होते, आवाज कधी ऐकलाच नव्हता.

म्हणून परवा तुझी काठी घेऊन गेले. म्हटलं, ही माझ्या आईची, चीर कशासाठी ते मला कळत नाही. अक्कानं काठी फिरवून पाहिली. मग खिडकीच्या गजांत आडवी अडकवली, चीर आपल्याकडे करून. पहिली निरी घातली आणि चिरेत सरकवली. तिला लागून दुसरी.

"निरी घालायला एक हात लागतो, धरायला दुसरा," ती मला लहान मुलीला सांगावं तसं म्हणाली. "धरणारा हात हा."

घरी आल्या आल्या तुझ्या खोलीत गेले. खिडकीच्या दोन गजांचा रंग कमरेच्या उंचीवर घासून गेलाय. इतके दिवस मी तो गंज समजत होते, रंगाऱ्यालाही सांगून ठेवलं होतं. त्या गजांना धरून मी खूप रडले, अम्मा. मी कारखान्यात होते, आणि इथे तू दार लावून एकटी निऱ्या घालत होतीस.

तर निरोप. सहाव्या निरीला अक्का अडली. चिरेत जागाच उरली नाही. ती म्हणाली, "आईला सांग, चीर अजून अर्धं बोट खोल हवी, म्हणजे तोंड जरा उघडेल. जाड साडी बसत नाही."

मी म्हटलं, "आई गेली, अक्का."

"मग काय झालं? सांग."

सांगितलं. तुझ्या काठीला मी सुरी लावणार नाही. नवा बांबू आणलाय. शनिवारी अक्काला तिची काठी देईन, आणि ती दार लावून घेईल तेव्हा बाहेर थांबेन. दार उघडलं की विचारेन, कसं केलंस, दाखव. यापुढे कुणाच्याही साडीला सुई लावण्याआधी, ही तुम्ही कधी नेसता, असं विचारेन. आणि रंगाऱ्याला नको म्हणून कळवलंय.

तुझी, उशिरा विचारायला शिकलेली,
गिरिजा