मंजुरीआधीची झडप

अप्पा, मला तुमच्यावर राग आहे. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली तरी तो कमी होत नाही. आज दुपारी भात उन्हात घालता घालता दोनदा आत आले, पेन शोधलं, परत बाहेर गेले. आता बसलेच आहे तर लिहिते.

तुम्ही जंगल खात्याच्या नाक्यावर होता आणि मी तुमची भाकरी घेऊन यायचे. त्या दिवशी तुम्ही विहिरीवर हात धुवायला गेलात, तेवढ्यात मामाची बैलगाडी आली, घराच्या आढ्यासाठी एकच सागाचं लाकूड घेऊन. मामाच तो, म्हणून मी आडवा बांबू वर केला. तुम्ही ओल्या हातांनी धावत आलात. लाकडावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का नव्हता. "मामा हाय म्हणून लाकडाला शिक्का फुटतो व्हय गं?" मामा म्हणाला, "दाजी, हातोडा माझ्या कपाळावर मारा, पण गाडी सोडा." तुम्ही सोडली नाहीत. मला म्हणालात, "आधी शिक्का, मग वाट. ध्यानात ठेव." ठेवलं.

तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या जावयाच्या हृदयाची झडप लहानपणच्या तापानं आखडली होती. विहिरीवरून घागर आणतानाही ते मध्येच बसायचे. शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, झडप बदलायला हवी. परदेशी झडपेसाठी यादीत थांबावं लागेल. आपल्या देशात बनवलेली एक नवी आहे. यंत्रात उघडझाप करून पाहिली, मेंढ्यांत बसवून पाहिली, आता समितीनं थोड्या माणसांत बसवायला परवानगी दिली आहे. सगळ्यांसाठीची मंजुरी अजून यायची आहे. त्यांनी एक कन्नड कागद दिला. हे म्हणाले, "मला काय कळतंय? तू वाचतीस, तूच सांग." किराणाच्या पुड्यांवरून कन्नड अक्षरं शिकलेली मी, बोट ठेवून दोनदा वाचते. मंजुरी नाही, तिथं बोट थांबतं. बेळगावकडची नर्स समजावते, "अक्का, ही माणसं बरी झाली तरच मंजुरी येणार. आधी कुणाला तरी बसवायलाच पाहिजे की." मी म्हणते, "शिक्का नसलेलं आमच्याकडं नाक्याबाहेर जात न्हाई." ती हसत नाही. "हे लाकूड न्हवं, अक्का."

यादीत नाव घातलं. पाळी यायच्या आत, पाचव्या महिन्यात हे गेले.

गेल्या आठवड्यात पेपरात वाचलं, त्या झडपेला मंजुरी मिळाली. पहिल्या माणसांपैकी बरीचशी हिंडतफिरत आहेत. सगळी नाहीत, असंही लिहिलंय. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते आणि तरी जीव थाऱ्यावर येत नाही.

परतीच्या गाडीत, कॅसलरॉक स्टेशन यायच्या आधी, हे म्हणाले होते, "बसवून घेतली असती गं मी." पुढच्या गाडीनं मागं फिरता आलं असतं. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "आमच्या अप्पांनी नसती सोडली." खरं म्हणजे मी चिरलेल्या छातीला भ्याले होते. तुमचं नाव नुसतं पुढं केलं.

घरी सगळ्यांना सांगितलं, ह्यांनाच ती झडप नको होती. सासूबाई समोर तांदूळ निवडतायत. आत्ताच म्हणाल्या, "माझाच ल्योक हट्टी, कुणाचं ऐकला न्हाई." त्यांना वाचता येत नाही, म्हणून हा कागद मी त्यांच्यासमोरच लिहिते आहे.