चंद्रावरची सभा

४ फेब्रुवारी

लिहिणारच! काल सभेत बोलून बसले — कामगार संघटनेच्या मासिकातलं राशिभविष्य बंद, त्या जागी विज्ञानकथा. "लिहिणार कोण?" मागून कुणीतरी. "मी!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला माघार घेता येत नाही, हा जुनाच रोग.

नवरा म्हणतो, "विज्ञानात काठावर पास झाली होतीस ना गं?" झाले होते. बुडाले तर नव्हते!

९ फेब्रुवारी

झाली! चंद्रावरची खाण, जमिनीखाली वसाहत. मालक हवा खेळवणारे पंखे बंद करून कामगारांना धमकावतो. चारशे कामगार सभागृहात जमतात, मालकाची माणसं घुसू नयेत म्हणून दारं आतून घट्ट लावतात आणि माझी नायिका दोन तास बोलते. शेवटी सगळे उठून उभे राहतात — संप! लिहिताना मीच उभी राहिले.

नणंदेला वाचायला दिली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. जिभेवर ॲसिड घेऊनच जन्मलेली.

१० फेब्रुवारी

सकाळीच हजर. "वहिनी, कथा झकास. फक्त तुमच्या नायिकेनं माणसं अर्धमेली केली."

"काहीतरीच! एवढ्या मोठ्या सभागृहात दोन तासांचा ऑक्सिजन नसेल?"

"ऑक्सिजन आहे हो. तो संपायच्या कितीतरी आधी आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड आपल्याला गाठतो." वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात गणित मांडलं. नुसता बसलेला माणूस तासाला साधारण वीस लिटर सोडतो. माझ्या सभागृहात दोन तासांनी दोन टक्के. घोषणा दिल्या तर आणखी. डोकं ठणकणार, धाप लागणार. "उभे राहिले ते संपासाठी नव्हे, वहिनी. दार गाठायला!"

"कथा आहे ती!"

"मग राशिभविष्य काय वाईट होतं?"

लागलं. फार लागलं.

११ फेब्रुवारी

भाषण कापणार नाही. भाषण हाच कथेचा प्राण आहे.

१५ फेब्रुवारी

भाषण कापलं.

चार दिवस पाणबुड्यांवर, अंतराळयानांवर, श्वासावर मिळेल ते वाचलं. हवा मोजकी म्हटल्यावर प्रत्येक वाक्य जपून खर्चावं लागतं. आणि नायिकेला आता काहीतरी ठरवायचंय — दार उघडून मालकाच्या कानावर सगळं जाऊ द्यायचं, की बंद ठेवून पटकन आटपायचं? आधी तिला काही ठरवायचंच नव्हतं, नुसतं जिंकायचं होतं. नणंदबाई म्हणाल्या, "आता कुठे गोष्ट झाली."

एवढं कौतुक तिनं लग्नातसुद्धा केलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी

आमच्या शिवण कारखान्यानं दोघींना कामावरून काढलंय. काज-बटणांवरची, वयानं थोरली, आणि कॉलर लावणारी धाकटी. जादा पाळीला नाही म्हणाल्या, एवढाच गुन्हा! दोघींना परत आत नेल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. एक मार्चला संपावर मतदान.

आज तयारीची सभा, तळघरात. दारं बंद — व्यवस्थापकाचे कान नकोत म्हणून आम्ही नेहमीच बंद ठेवतो. कार्बन डायऑक्साइड मोजायचं नणंदेचं छोटं यंत्र कथेच्या अभ्यासासाठी पर्समध्ये नेलं होतं. सुरुवातीला आकडा हवेच्या दहा लाख भागांत सातशेच्या आसपास. माझं भाषण संपता संपता पाच हजार! म्हणजे अर्धा टक्का. त्यानं कुणी मरत नाही. पण पेंग येते, डोकं जड होतं.

मग समोर नीट पाहिलं. पुढच्या रांगेत माना डोलत होत्या. इतकी वर्षं मी त्याला होकार समजत आले!

२३ फेब्रुवारी

नणंदेला सांगितलं. "सगळं हवेवर ढकलू नका वहिनी. थोडा भाषणाचाही वाटा असेल." दोघी पोट धरून हसलो. नंतर एकटीनं विचार केला तेव्हा हसू आलं नाही.

ठरलं. एक तारखेला दारं उघडी, मी दहा मिनिटं, मग प्रश्न, मग मत.

चिटणीस हबकले. "बाई, मतं फुटतील. माणसं बांधून ठेवायला तुमचे दोन तास लागतातच."

"बांधूनच ठेवायची असती तर दोरी आणली असती!"

म्हटलं खरं. पण ठराव पडला तर त्या दोघी बाहेरच राहतील. माझ्या हट्टापायी. तरी दारं उघडीच.

२८ फेब्रुवारी

कथा छापायला दिली. नायिकेनं दार उघडलं. हात वर होताहेत, तिथेच मी थांबले. मोजले नाहीत.

१ मार्च

दहा मिनिटं बोलले. प्रश्न तासभर चालले — घरभाडं, शाळेची फी, किती दिवस टिकणार आपण? एवढे प्रश्न मला कधी कुणी विचारले नव्हते.

ठराव पडला. विरोधातल्या हातांत एक हात थोरलीचा!

बाहेर तिला गाठलं. "अगं, हे सगळं तुझ्यासाठीच ना?"

"बाई, मला नाहीच जायचं परत तिथं. कधीची सांगणार होते. पण तुम्ही बोलत होता."

धाकटीला तरी जायचंय, हे मी धरूनच चालले आहे. उद्या तिच्या घरी जाते. विचारते.